तिसरं कोटेशन

"लेटरहेडवर द्या, शिक्का मारा, आणि हे दर किती दिवस राहणार ते खाली लिहा," आत्या म्हणाली.

ओसवालशेठनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हातातलं व्हिजिटिंग कार्ड त्यांनी तसंच पुढं धरलं होतं. त्याच्या पाठीमागं त्यांनी बॉलपेननं आठ ओळी खरडल्या होत्या. प्रोसेसर, बोर्ड, रॅम असं करत शेवटी एक आकडा आणि त्याभोवती गोल.

"ताई, कॉम्प्युटर एकच घ्यायचाय ना?"

"एकच."

"मग शिक्का कशाला? मी काय पळून चाललोय का? तीस वर्षं पोवई नाक्यावर बसलोय."

"तुम्ही पळून जाल असं मी कुठं म्हणाले? कागद पुरा पाहिजे, एवढंच."

मी मान वळवून काचेच्या कपाटातल्या कीबोर्डांकडं बघत राहिले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि त्यातला एक माझ्या कॉलेजातला होता. तो हसत होता.

जुलै दोन हजार सतराची ही गोष्ट. जीएसटी लागून पुरते दहा दिवस झाले नव्हते आणि कुठल्या वस्तूवर किती टक्के लावायचा हे साताऱ्यातल्या दुकानदारांना स्वतःलाच नीट कळत नव्हतं. ग्राफिक्स कार्डांचे भाव रोज चढत होते. अशा दिवसांत लेखी दर मागायला येणारी बाई म्हणजे त्यांच्या डोक्याला ताप होता. माझ्या तर होताच होता.

शालनआत्या ही बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, पहिल्यापासून आमच्याकडंच राहायची. एका सरकारी खात्याच्या स्टोअरमध्ये तिनं चौतीस वर्षं कारकुनी केली. टेबलाच्या खिळ्यांपासून पाण्याच्या पंपांपर्यंत सगळी खरेदी तिच्या हातून जायची. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी तिचे ऑफिसातले काही पैसे अडकलेले होते, ते त्या उन्हाळ्यात सुटले. कशापायी अडकले होते ते घरात कोणी बोलायचं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. पैसे आले तसं तिनं आईला शेगडी घेतली, बाबांना दाताची कवळी करून दिली आणि मला विचारलं, "तेजू, तुला काय पाहिजे?"

"कॉम्प्युटर."

"अभ्यासाला?"

"गेम खेळायला."

आत्याशी खोटं बोलायची मला तोवर कधी गरज पडली नव्हती. लहानपणापासून मी तिच्याच अंगाखांद्यावर वाढले होते. मी तिसरीत असताना तिनं वर्षभर रजा घेतली होती, तेव्हा शाळेत सोडायला तीच, आणायला तीच, पाढे घ्यायला तीच. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मजेचं वर्ष होतं.

"घेऊ," आत्या म्हणाली. "पद्धतशीर घेऊ."

त्या एका शब्दानं माझा घात केला.

माझ्यापुढची अडचण अशी होती. पाच जणांचा एक नेमबाजीचा गेम आम्ही खेळायचो. टीममध्ये तिघं कोल्हापूरचे, एक इस्लामपूरचा आणि मी. मी खेळायचे राजवाड्याजवळच्या नेट कॅफेत, कारण घरी बाबांचा जुना डबा होता, त्यावर पत्त्यांचा खेळसुद्धा अडकत अडकत चालायचा. आता सगळ्यांच्या मोबाइलवर नेट आल्यामुळं कॅफेवाला महिनाअखेरीला कॅफे बंद करणार होता. आणि सहा ऑगस्टला पात्रता फेरी होती. राज्यातल्या टीम, ऑनलाइन, ज्यानं त्यानं आपापल्या घरून खेळायची. आमचा कॅप्टन विश्वजीत, त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं.

"दोन तारखेला नावं द्यायची हैत. तोवर तुझी मशीन आली तर तू. न्हाई आली तर कागलचा एक पोरगा हाय, त्याला घेतोय. राग मानू नको."

राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण त्या टीममध्ये शिरायला मला दीड वर्ष लागलं होतं. मुलगी म्हणून आधी हसले, मग चिडले, मग एके दिवशी गुपचूप घेतलं. ती जागा मला सोडायची नव्हती. मशीन घ्यायला माझ्याकडं तीन आठवडे होते. एका दुपारचं काम ते. तीन आठवडे म्हणजे चैन होती, असं मला वाटत होतं.

पहिल्या आठवड्यात आत्यानं ओसवालशेठकडून शिक्का मारलेला कागद मिळवला. कसा ते विचारू नका. ती रोज सकाळी साडेदहाला जाऊन त्यांच्या स्टुलावर बसायची. चौथ्या दिवशी त्यांनी शिक्का मारला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, मशीन माझ्याकडून घेऊ नका हवं तर, पण आत्याबाईंना घरी ठेवा."

दुसरा कागद सदर बझारातल्या इम्तियाज बागवानचा. तो तरुण होता, हसतमुख होता आणि त्याला काम नव्हतं. त्यानं लगेच दिला.

त्या रात्रीच्या जेवणाआधी आत्यानं जेवणाच्या टेबलावर फूलस्केप कागद पसरला, पट्टीनं रेघा मारल्या आणि तुलनात्मक तक्ता काढला. डावीकडं वस्तू, उजवीकडं दुकानं, तिसरा रकाना मोकळा. प्रत्येक ओळीत जो दर कमी त्याला लाल गोल.

"हे बघ. प्रोसेसर बागवानचा. बोर्ड ओसवालचा. रॅम ओसवालची. डिस्क बागवानची. असं घेतलं तर दोघांपेक्षाही स्वस्त पडतं."

मी कपाळावर हात मारला. "आत्या, हे एकमेकांत बसत नाही."

"का बसत नाही? दुकानदार बसवून देईल."

"कुणीही दिलं तरी बसणार नाही. बागवानचा प्रोसेसर एका कंपनीचा आहे, ओसवालनं बोर्ड लिहिलाय तो दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा. खालच्या पिनाच वेगळ्या. आणि त्या बोर्डाची रॅमसुद्धा जुनी, ती बागवानच्या बोर्डात जातच नाही."

आत्यानं चष्मा वर केला. "म्हणजे अर्ध्या इंचाचा नळ आणि पाऊण इंचाचा पाइप."

"हां. तसंच."

"मग दोघांना तू एकच तपशील दिला नव्हतास?"

"मी फक्त बजेट सांगितलं. त्यांनी आपापल्या मनानं लिहिलं."

"मग चूक तुझी," आत्या म्हणाली आणि तक्ता उभा फाडला. "तपशील आपण द्यायचा असतो गं. त्यांनी दर द्यायचा. आमच्याकडं नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. परत सुरुवात."

परत सुरुवात! मला तिथंच रडू फुटायचं राहिलं. पण खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

मग तपशील. त्यात आणखी एक खोडा निघाला. कंपनीचं नाव लिहायचं नाही.

"नाव लिहिलं की एकाला झुकतं माप दिल्यासारखं होतं," आत्या म्हणाली. "वस्तू काय काम करते ते लिही."

"ग्राफिक्स कार्ड काय काम करतं ते लिहू? दुकानदाराला?"

"मलाही कळेल. ही सगळ्यात महाग वस्तू आहे. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा एकटी खातीय. कशासाठी?"

"चित्र दिसायला."

"चित्र टीव्हीत पण दिसतं."

"टीव्हीत तयार चित्र येतं, आत्या. इथं मी मान वळवली की मशीननं त्या क्षणी नवं चित्र काढायचं. सेकंदाला साठ वेळा. प्रोसेसर एकटा ते करत बसला तर मी मरते."

"मरते म्हणजे?"

"गेममध्ये."

"मग हे असं कागदावर लिही. समर्थन म्हणून. अर्धं पान."

मी अर्धं पान समर्थन लिहिलं. प्रस्तुत गेम, सदर कार्ड, विषयांकित मशीन असले शब्द तिनं त्यात घातले. ते पान घेऊन आम्ही बागवानकडं गेलो तेव्हा त्यानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, हे मी फ्रेम करून लावू का? दहा वर्षांत मला कुणी इतकं समजावून सांगितलं नाही."

आत्या हसली नाही. ती त्याच्या काउंटरवरचा पत्र्याचा एक डबा निरखत होती. "हा कशाचा?"

"पॉवर सप्लाय, मॅडम. कॅबिनेटबरोबर फुकट येतो."

"फुकट म्हणजे त्याची वॉरंटी कुणाची?"

"त्याची तशी… कुणाचीच नसते."

"हा जळला तर पुढचं काय काय जळतं?"

बागवान माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं बघायला लागले. कारण मला ते ठाऊक होतं आणि तिथं वाचवलेले पैसे मी कार्डात घालणार होते.

"खरं सांगायचं तर सगळंच जळू शकतं," बागवान म्हणाला. "मॅडमचं बरोबर आहे. हा वेगळा घ्या, तीन वर्षं वॉरंटीचा."

"तपशिलात घाल," आत्या मला म्हणाली. मी घातला. तिचं बरोबर होतं म्हणून तर मला जास्त राग येत होता. चुकीच्या माणसावर ओरडता तरी येतं.

दोन्ही कागद नव्यानं आले. आता ओळीला ओळ जुळत होती आणि बागवान सरळ स्वस्त पडत होता. सव्वीस तारीख होती. मी आनंदानं म्हणाले, "चला, मग उद्या घेऊ."

"तिसरं कुठाय?" आत्या म्हणाली.

"तिसरं कशाला? ओसवाल महाग आहे, बागवान स्वस्त आहे. झालं की."

"तीन लागतात."

"कोण मागतंय तीन? तुझं ऑफिस सुटलं आत्या! हे घर आहे!"

"म्हणूनच," ती म्हणाली. याचा अर्थ मला कळला नाही.

तिसरं मिळेना. राजपथावरचा दुकानदार म्हणाला, लेखी देत नाही. राधिका रोडवरचा म्हणाला, आधी अर्धे पैसे ठेवा. एक जण मोबाइलच्या काचा बदलायचा, तो म्हणाला, देतो की लिहून, काय लिहू? बाबांपुढं मी रडगाणं गायले तर ते तोंडापुढचा पेपर न हटवता म्हणाले, "अक्का देतीय ना? मग तिच्या पद्धतीनं घ्यायचं." आई म्हणाली, "वन्संना या बाबतीत काही बोलायला जाऊ नको." या बाबतीत म्हणजे कुठल्या, तेही तिनं सांगितलं नाही.

शनिवारी विश्वजीतचा फोन आला. "काय झालं? त्या कागलच्या पोराला मी काय सांगू?"

"येतीय मशीन. नक्की येतीय."

"बुधवारी संध्याकाळी सहा. त्याच्यापुढं माझ्या हातात काय न्हाई."

त्या संध्याकाळी मी आत्याला म्हणाले, "तिसरं मी आणते. कराडला एक दुकान आहे, मैत्रीण ओळखते." आत्या म्हणाली, "आण की." एवढंच.

सोमवारी, कॅफेच्या अखेरच्या दिवशी, मी तिथं बसून लेटरहेड तयार केलं. गजराज सिस्टिम्स, घर नंबर एकशे सतरा, शनिवार पेठ, कराड. कोपऱ्यात एक हत्ती. सगळ्या ओळी बागवानपेक्षा थोड्या थोड्या महाग ठेवल्या. फार महाग नाही, संशय यायला नको म्हणून. फोन नंबर माझ्या मैत्रिणीचा. मग नाक्यावरच्या शिक्केवाल्याकडून गोल रबरी शिक्का करून घेतला. त्यानं काही विचारलं नाही. डाव्या हातानं सही केली. सही छान आली होती, खऱ्या दुकानदारासारखी, वाचता न येणारी. सगळं मिळून दोन तास लागले. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. तीन आठवडे झाले होते, मी इतकी वैतागले होते की आत्याच्या रेघांच्या पट्टीलासुद्धा आग लावली असती.

आत्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. तक्त्याचा तिसरा रकाना भरला. बागवानच्या बेरजेखाली दोन रेघा मारल्या, "न्यूनतम दर" असं लिहिलं आणि सही केली. शालन रामराव कणसे, खाली तारीख.

"उद्या चेक घेऊन जाऊ," ती म्हणाली.

मी गच्चीवर जाऊन विश्वजीतला मेसेज टाकला. मशीन बुधवारी. त्यानं अंगठा पाठवला.

मंगळवारी मी उशिरा उठले. आत्याची खोली रिकामी होती. छत्री जाग्यावर नव्हती.

"आत्या कुठंय?"

"वन्सं कराडला गेल्यात," आई पोळ्या लाटत म्हणाली. "सातच्या गाडीनं."

"कराडला? कशाला?"

"काय ते पत्त्याचं बघायचंय म्हणाल्या. तुझ्याच कॉम्प्युटरचं काहीतरी. पाऊस एवढा कोसळतोय, मी म्हटलं फोन करा, तर म्हणाल्या फोनवर कुणीही बोलतं."

आता मी पकडली जाणार हे कळलं, तरी पहिल्यांदा आला तो रागच. पावसात बावन्न किलोमीटर, एका कॉम्प्युटरच्या कागदासाठी! कोण असं करतं? मी दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. येऊन काय म्हणेल, मी काय म्हणेन, याची उत्तरं तयार केली. दुकान हललं म्हणेन. मैत्रिणीनं फसवलं म्हणेन. विश्वजीतचा एक फोन आला, तो मी उचलला नाही.

आत्या चारला आली. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. आईनं चहा ठेवला. आत्यानं पाय धुतले, साडी बदलली, चहा प्यायली, आईशी गाडीतल्या गर्दीबद्दल बोलली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "तेजू, जरा आत ये."

खोलीत तिनं दार लोटलं, कडी लावली नाही. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला हत्तीचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. त्याला पाण्याचा थेंबसुद्धा लागला नव्हता.

"घर नंबर एकशे सतरा, शनिवार पेठ," ती म्हणाली. "पिको-फॉलचं दुकान आहे. बाई चांगली आहे, तिनं मला बसायला खुर्ची दिली. वीस वर्षं तिथंच आहे म्हणाली. त्या गल्लीत कॉम्प्युटरवाला कधी नव्हता."

दिवसभर तयार केलेलं एकही उत्तर मला आठवलं नाही. आठवला तो फक्त तीन आठवड्यांचा वैताग.

"हो. मी केलाय तो," मी म्हणाले, आणि मग थांबताच येईना. "काय करणार होते मी? उद्या सहाला माझी जागा जातीय, कळतंय का तुला? लोक एका दुपारी जाऊन मशीन घेऊन येतात. तू मला रेघा मारायला लावल्यास, समर्थन लिहायला लावलंस, दुकानादुकानांतून हसं करून घेतलंस माझं. आणि दर तरी कुठं खोटा आहे? बागवान खरंच स्वस्त आहे. आपण त्याच्याकडूनच घेणार होतो. एका कागदानं कुणाचं काय बिघडलं?"

"कुणाचं काय बिघडलं," आत्या परत म्हणाली. आवाज चढवला नाही. पलंगावर बसली. "साहेब पण असंच म्हणाले होते."

"कुठले साहेब?"

"पाच सालचा पूर आठवतो तुला?"

"शाळेला सुट्टी होती."

"पूर ओसरल्यावर गाळ काढायला आमची माणसं उतरवली होती. अनवाणी. गाळात काचा, पत्रे, साप. दोनशे जोड गमबूट पाहिजे होते, आणि ते आजच्या आज. माझ्याकडं दोन कोटेशनं होती. तिसरं साहेब स्वतः घेऊन आले, कोल्हापूरच्या दुकानाचं. म्हणाले, शालनताई, माणसं खोळंबलीत, मारा सही. विश्वास ठेवून मी मारली. गमबूट आले. चांगले होते. स्वस्त दुकानाचेच होते. कुणी एक पैसा खाल्ला नाही त्यात."

"मग?"

"मग तपासणी लागली. त्या पत्त्यावर माणूस गेला, तर तिथं मोकळा प्लॉट. म्हशी बांधलेल्या. तक्त्यावर सही माझी. साहेब म्हणाले, कागद स्टोअरनं तयार केले, मी नुसते पुढं पाठवले."

मी मनात हिशेब केला. पाच साली मी तिसरीत होते.

"तू रजेवर होतीस ते…"

"रजा नव्हती गं. निलंबन होतं. चौदा महिने." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुला शाळेत सोडायला जायचे ना, ते बरं होतं. दुसऱ्या रस्त्यानं जाता यायचं. ऑफिसातलं कुणी भेटायचं नाही. पुढं कामावर घेतलं, पण चौकशी अकरा वर्षं चालली. बढती नाही, आणि रिटायर झाल्यावर पैसे अडकले. या मार्चला कागद आला. दोष सिद्ध होत नाही. एवढंच लिहिलंय. खरं काय झालं ते त्यातसुद्धा नाही."

"आणि ते साहेब?"

"मोठे झाले. रिटायर झाले. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली होती, मी गेले. म्हटलं, आज तरी काही बोलतील. समोर आले, हात जोडले, म्हणाले, जेवून जा."

मला स्वतःची प्रचंड लाज वाटली. तिसरीतलं ते माझं मजेचं वर्ष डोळ्यांपुढं आलं आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. आत्याच्या सहीखाली खोटा कागद सरकवायला अख्ख्या जगात मीच उरले होते.

"जेवलीस?" मी विचारलं.

"जेवले. ऐक. यातलं सगळ्यात वाईट काय ते सांगते. तिसरं लागतच नव्हतं. घाई असली आणि तिसरं मिळालं नाही, तर तसं कारण लिहून दोनावर खरेदी करता येते. नियमात आहे. साहेबांनाही ठाऊक होतं ते. पण कारण लिहायचं म्हणजे खाली आपली सही आली."

"येतं? दोनावर?" मी ओरडलेच. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? तू म्हणालीस, मी आणते."



पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्ये येणार नाही. मशीन बुधवारी दुपारी बागवानच्या काउंटरवर जोडून झाली. आत्या समोर बसून तपशिलाच्या कागदाशी एकेक खोका ताडून बघत होती. माझं नाव सहाच्या आत गेलं. रविवारी आम्ही दुसऱ्या फेरीत सपाटून हरलो, आणि त्या रात्री विश्वजीत जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. ती मशीन सात वर्षं चालली, पॉवर सप्लाय एकदाही जळला नाही. हे सगळं झालं. पण ते पुढचं.

त्या मंगळवारी आत्यानं तक्ता टेबलावर ठेवला. पट्टी लावून तिसऱ्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत तिरकी रेघ मारली. हत्तीचा कागद फाडेल असं मला वाटलं होतं. तिनं तो फाडला नाही, टाचणीनं मागं लावला. मग रकान्याखाली तिच्या त्या गोल, ऑफिशियल अक्षरात लिहिलं, "तिसरे दरपत्रक प्राप्त नाही. कारण :"

आणि पेन माझ्यापुढं धरलं.

"लिही."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

"बाबा वाचतील?"

"फाइल माझ्याकडंच राहणार आहे. पण वाचलं तर वाचलं. कागदावर लिहायचं ते कुणीही वाचेल असं समजूनच लिहायचं."

मी बसले. पेन हातात घेतलं. आधी मनात आलं ते असं, की वेळ कमी असल्यामुळं, दुकानदारांनी सहकार्य न केल्यामुळं. तिच्याच शब्दांत किती छान बसलं असतं. मग मी लिहिलं, "तिसरे दरपत्रक मला मिळाले नाही. सोबत जोडलेले खोटे आहे. ते मी तयार केले. शालन कणसे यांना ते माहीत नव्हते."

"नाव पुरं," आत्या म्हणाली. "तारीख."

तेजल दत्तात्रय कणसे. एक ऑगस्ट दोन हजार सतरा.

तिनं कागद स्वतःकडं ओढला. चष्मा काढून पुसला, परत लावला. वाचलं. मला वाटलं झालं, मी उठायला लागले. तिनं परत पहिल्यापासून वाचलं. शेवटच्या वाक्यावर तिचं बोट थांबलं, तिच्या नावाखालून हळूहळू पुढं सरकलं, आणि परत मागं येऊन तिथंच थांबलं. बाहेर आई बाबांना चहा हवाय का विचारत होती.

"एवढंच तर लिहायचं होतं," आत्या म्हणाली.

ती माझ्याशी बोलत नव्हती.